मदत हवी आहे: आईचा एपीटीटी ७८, ऑपरेशन थांबलं

साखळीकर
आईचं ऑपरेशन उद्या होतं, आज रद्द. म्हणे एपीटीटी, म्हणजे नळीत रक्त गोठायला लागणारा वेळ, फार लांबलाय, रक्त गोठत नाही. गणेश चतुर्थीनंतर सगळं पुढच्या वर्षावर जाईल. लवकर सांगा काय करू.

लॅबवाला फोंडा
कसलं ऑपरेशन? पीटी, ती गोठण्याची दुसरी चाचणी, किती? प्लेटलेट? हेपॅरिन, रक्त गोठू न देणारं औषध, चालू होतं का? सगळं आम्हीच ओळखायचं का रे बाबा?

साखळीकर
पित्ताशयातले खडे. पीटी १२.५, प्लेटलेट ठीक. रक्त हातातूनच घेतलं, हेपॅरिन नाही.

कुळागरवाली
दूर्वांचा रस सकाळी अनशापोटी द्या. माझ्या सासूबाईंचा घोळणा फुटायचा, थांबला.

पेडणेकर मास्तर
चार पिशव्या प्लाझ्मा, रक्तातला पातळ भाग, चढवा आणि उरका. माझ्या भावाला हिमोफिलियात, रक्त नीट न गोठण्याच्या आजारात, तसंच केलेलं.

लॅबवाला फोंडा
मास्तर, निदान झालं नाही आणि पिशव्या कसल्या? अंगावर पित्त उठलं तर? साखळीकर, आईला कधी जास्त रक्तस्राव झालाय?

साखळीकर
नाही हो. दोन बाळंतपणं, एक अक्कलदाढ. परवा विळीवर नारळ खोवताना बोट कापलं, पदर दाबला, पाच मिनिटांत थांबलं.

लॅबवाला फोंडा
हे आधी सांगायचं! मिक्सिंग करून घ्या, निम्मा आईचा प्लाझ्मा, निम्मा निरोगी माणसाचा. वेळ नॉर्मलवर आला तर फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं एखादं प्रथिन, कमी. नाही आला तर ल्युपस अँटिकोॲग्युलंट, म्हणजे चाचणीत अडथळा आणणारी प्रतिपिंडं, बघावी लागतील, त्यात उलट गुठळीची भीती.

साखळीकर
(चार दिवसांनी) वेळ नॉर्मलवर आला. फॅक्टर ८, ९, ११ ठीक. फॅक्टर १२ फक्त २ टक्के!! आता?

लॅबवाला फोंडा
आता चहा प्या. एपीटीटीच्या नळीत सिलिकासारखी पावडर असते, तिला चिकटून फॅक्टर १२ जागा होतो आणि तिथून गोठण्याची साखळी सुरू होते. तो नसला की घड्याळ लांबतं. जखमेत मात्र सुरुवात ऊतींमधला टिश्यू फॅक्टर आणि फॅक्टर ७ करतात, म्हणून १२ नसला तरी रक्त वाहत नाही. हा दोष पहिल्यांदा सापडला तो जॉन हेगमन या रेल्वे कामगारात, तोही ऑपरेशनआधीच्याच तपासणीत. १९५५ साली छापून आलं. १९६८ मध्ये तो गेला तो फुप्फुसात गुठळी अडकून!

पेडणेकर मास्तर
म्हणजे गुठळी होतेच की. मग प्लाझ्मा...

लॅबवाला फोंडा
मास्तर!! साखळीकर, रिपोर्ट घेऊन रक्तविकारतज्ज्ञांकडे जा, भूलतज्ज्ञांसाठी चिठ्ठी मागा. ऑपरेशननंतर गुठळी होऊ नये म्हणून इतरांना जे देतात ते आईलाही हवं का, तेही विचारा.

म्हापशेकरीण
माझ्या बहिणीचे ओठ अधूनमधून सुजतात, तिच्या कागदावरपण फॅक्टर १२ लिहिलंय.

लॅबवाला फोंडा
तो वेगळा आजार. त्यात जनुकातल्या बदलामुळे १२ जास्तच उठतो, ब्रॅडिकायनिन नावाचं रसायन वाढून सूज येते. घसा सुजला तर थेट इस्पितळ गाठा. नवा धागा काढा.

कुळागरवाली
दूर्वा सुजेवरही चालतात.

साखळीकर
चिठ्ठी मिळाली. सोमवार नक्की झाला. आई म्हणते, गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधायला तीच उभी राहणार.