सल्ला हवा: नवीन आलेली छोटी एसयूव्ही, पहिल्या लॉटच्या मालकांचे अनुभव (कोथरूड–हिंजवडी, ऑन-रोड १२ लाख)

मयूरकॉलनी | ३ मार्च २०२५, रात्री १०:१२
नमस्कार मंडळी. जुनी हॅचबॅक आता काढायची आहे. रोजचं जाणं कोथरूड ते हिंजवडी. महिन्यातून एकदा ताम्हिणीतून माणगाव, म्हसळा करत दिवेआगर, तिथे सासरचं घर आहे. आम्ही दोघं, दोन मुलं आणि माझी आई. आईचे दोन्ही गुडघे दुखतात, त्यामुळे खाली वाकून बसायची गाडी नको आणि पायरीवर पाय ठेवून चढायचीही नको. सोसायटीतलं पार्किंग दोन खांबांच्या मध्ये आहे, चार मीटरच्या वर लांबी गेली की गाडी बसत नाही.
बजेट ऑन-रोड १२ लाख. ते वाढणार नाही. डोळ्यांसमोर स्कोडा कायलॅक आणि किया सायरॉस आहेत. व्हिडिओ भरपूर बघून झाले, आता ज्यांनी पदरचे पैसे घालून घेतली आहे त्यांचं ऐकायचंय. पाडव्याला, म्हणजे ३० मार्चला, गाडी दारात यावी अशी इच्छा आहे.

रॉक्सवाला | ३ मार्च, रात्री १०:४०
दादा, छोट्या गाड्यांत अडकू नका. थार रॉक्स घ्या. ३ ऑक्टोबरला बुकिंग उघडलं तेव्हा पहिल्या तासात १ लाख ७६ हजार लोकांनी पैसे भरले, ते उगाच नाही. मी डिझेल फोर बाय फोर घेतली. वरंधा घाटातला तो उखडलेला पट्टा माहीत असेल, तिथून घरच्यांना पोटातलं पाणी न हलवता महाडला उतरवलं. क्रॅश टेस्टला पाच स्टार. बजेट जरा ताणा, पाच वर्षांनी आभार मानाल.

मयूरकॉलनी | ३ मार्च, रात्री १०:५५
दादा नाही, ताई. रॉक्स छानच आहे, पण फोर बाय फोर एक्स-शोरूमलाच १८ लाखांच्या वर जाते. आणि आईला त्यात चढता येणार नाही.

शनिवारपेठी | ४ मार्च, सकाळी ६:३५
एसयूव्ही हवीच कशाला? उंच बॉनेटमागे बसलं की समोरचं लहान मूल दिसत नाही. आमच्या पेठेत दोन अशा गाड्या समोरासमोर आल्या की अर्धा तास सगळं ठप्प. मी आयुष्यभर सेडान वापरली, सौ.च्या गुडघ्यांचं ऑपरेशन झाल्यावरसुद्धा. दार पूर्ण उघडायचं, आधी बसायचं, मग पाय आत घ्यायचे. डॉक्टरांनीच तसं शिकवलं होतं.

अनघा_वाकड | ४ मार्च, सकाळी ९:०२
ताई, मी कायलॅकच्या पहिल्या लॉटमधली. जानेवारीअखेर डिलिव्हरी सुरू झाल्या त्यातच माझी आली. सिग्नेचर प्लस व्हेरियंट, ऑटोमॅटिक. अजून पहिली सर्व्हिससुद्धा झालेली नाही, म्हणून टिकण्याबद्दल काही बोलणार नाही. वापरून जे कळलं तेवढं लिहिते.
इंजिन एक लिटर टर्बो, ११५ पीएस ताकद, १७८ न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे ओढ. हा टॉर्क १७५० आरपीएमपासून मिळतो, त्याखाली गाडी निवांत असते. पुनावळे–हिंजवडीच्या रांगेत ऑटोमॅटिक म्हणजे पायाला सुख. हा सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर प्रकारचा ऑटोमॅटिक आहे, ड्युअल क्लच नव्हे, त्यामुळे रांगेत क्लच तापायची चिंता नाही. मायलेज शहरात ११-१२. एक्स्प्रेसवेवर ८०-९० ने शांत चालवली तर १८ च्या पुढे.
डिकी ४४६ लिटर. आमच्या सासूबाईंचा वॉकर घडी न घालता आडवा राहतो, शेजारी दोन मोठ्या बॅगा. ग्राउंड क्लिअरन्स १८९ मिमी, सोसायटीच्या स्पीडब्रेकरला पोट घासलेलं नाही. भारत एनकॅपच्या क्रॅश टेस्टला पाच स्टार: मोठ्यांच्या सुरक्षेत ३२ पैकी ३०.८८, मुलांच्या ४९ पैकी ४५. सहा एअरबॅग खालच्या व्हेरियंटपासून आहेत.
नाही ते पण सांगते. डिझेल नाही. ३६० अंशांचा कॅमेरा नाही. मागे डिस्क नसून ड्रम ब्रेक. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं दिवेआगरपर्यंत बसवू नका, ते चार मीटरच्या आतल्या कुठल्याच गाडीत सुखाचं नसतं. दोन मुलं आणि आजी असतील तर आजींना खिडकीशी बसवा.

डिझेल_एके_डिझेल | ४ मार्च, सकाळी ९:४५
घाट म्हटलं की डिझेलच. माझ्याकडे महिंद्रा ३एक्सओ डिझेल आहे, ३०० न्यूटन मीटर. ताम्हिणी चौथ्या गिअरमध्ये चढते. १७८ आणि ३०० मध्ये किती फरक आहे ते आकडाच सांगतो. सायरॉसमध्येही डिझेल मिळतं, २५० न्यूटन मीटर. पेट्रोल घेऊन हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये आणि त्या ई-२०, म्हणजे इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये पैसे घालवू नका.

चाकण_शॉपफ्लोअर | ४ मार्च, दुपारी १:१५
मी सुट्या भागांच्या धंद्यात आहे, म्हणून डिझेलबद्दल लिहितो. बीएस-६ प्रदूषण नियमांच्या डिझेलला धुराच्या मार्गात डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर असतो. त्यात काजळी साठते आणि ती जाळायला सायलेन्सरच्या बाजूला ६०० अंशांच्या आसपास उष्णता लागते. सलग वेगात अर्धा तास गाडी पळाली की हे आपोआप होतं. रोज पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत ऑफिस गाठलं की जाळणं अर्धवट सुटतं, दिवा लागतो, जास्तीचं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. आठवड्यातून एकदा तरी हायवे असेल तरच डिझेल. ताईंचा हायवे महिन्यातून एकदा.

डिझेल_एके_डिझेल | ४ मार्च, दुपारी १:३२
माझा दिवा कधीच लागलेला नाही.

चाकण_शॉपफ्लोअर | ४ मार्च, दुपारी १:४०
तुम्ही राहता कुठे? ऑफिस कुठे?

डिझेल_एके_डिझेल | ४ मार्च, दुपारी १:५८
राहतो तळेगावला, ऑफिस रांजणगावला.

चाकण_शॉपफ्लोअर | ४ मार्च, दुपारी २:०१
म्हणूनच लागत नाही. तुमच्यासाठी डिझेल अगदी योग्य. ताईंसाठी नाही.

ई_सारथी | ४ मार्च, सायंकाळी ६:२०
रोजचा ठरावीक रस्ता म्हणजे इलेक्ट्रिकच. घरी चार्जिंग केलं तर किलोमीटरला दीड रुपयाच्या आत पडतं. क्लच नाही, गिअर नाही, ऑइल नाही. पेट्रोल भरणाऱ्यांकडे बघून मला खरोखर वाईट वाटतं. सोसायटीने पॉइंट दिला नाही तर सर्वसाधारण सभेत लावून धरा, मी आमच्याकडे तेच केलं आणि आता नऊ जण माझ्यामुळे चार्ज करतात.

बाणेरटेकडी | ५ मार्च, सकाळी ८:१०
सायरॉसबद्दल कुणी लिहिलंच नाही, म्हणून लिहितो. १ फेब्रुवारीला किमती जाहीर झाल्या, माझी गाडी नुकतीच आली आहे, एक लिटर टर्बो मॅन्युअल. तुमच्या आईंसाठी मागची सीट बघाच. ती पुढे-मागे सरकते आणि पाठ कलते. पूर्ण मागे घेतली की आमचे सहा फुटी काका पाय पसरून बसतात. सीट पुढे घेतली की डिकी ३९० वरून ४६५ लिटर होते. दार उंच आहे, डोकं वाकवावं लागत नाही. मात्र सरकणारी सीट कोणत्या व्हेरियंटपासून येते ते ब्रोशरमध्ये बघून मगच पैसे भरा. दिसायला चौकोनी म्हणून लोक नाकं मुरडतात, पण आत बसणाऱ्याला बाहेरून गाडी दिसत नाही.

नऱ्हे_आंबेगाव | ५ मार्च, सकाळी ११:२७
कुठलीही गाडी पहिल्या वर्षात घेऊ नका. मी नाव लिहीत नाही, या दोन्हींपैकी नाही. नवीन मॉडेल आलं, महिन्याभरात घेतलं. चालता चालता मधली स्क्रीन काळी पडायची, सोबत रिव्हर्स कॅमेरा बंद. सर्व्हिस सेंटरला नेलं की सुरळीत चालायची, त्यामुळे "तक्रार आढळली नाही" असा शेरा. शेवटी मोबाइलवर व्हिडिओ काढून, तारीख-वेळ लिहून ईमेल केला तेव्हा सॉफ्टवेअर बदलून दिलं. नवीन गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने तक्रार लेखी करावी आणि जॉब कार्डची प्रत हातात घेतल्याशिवाय तिथून हलू नये. वर्षभर थांबलात तर हे सगळं दुसऱ्यांच्या गाड्यांवर निस्तरलेलं असेल.

रॉक्सवाला | ५ मार्च, सकाळी ११:५०
माझ्या रॉक्सला असलं काही झालेलं नाही.

विठ्ठलवाडी_घाट | ५ मार्च, रात्री ९:१५
गाडी कुठलीही घ्या, विम्याकडे बघा. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून पाणी सोडलं, सिंहगड रोडवरच्या एकतानगरीत शिरलं, तेव्हा आमच्या ओळखीतल्या एकांची गाडी तळमजल्याच्या पार्किंगमध्ये बुडाली. पाणी ओसरल्यावर त्यांनी घाईने सेल मारला. सिलिंडरमध्ये पाणी होतं, कनेक्टिंग रॉड वाकला. साध्या पॉलिसीत ते बसलं नाही, विमा कंपनीने हात वर केले. इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं, शिवाय झिरो डेप (सुट्या भागांवर घसारा कापत नाहीत) आणि रिटर्न टू इनव्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची रक्कम मिळते). पाण्यात उभी राहिलेली गाडी कधीही सुरू करायची नाही, टो करून न्यायची. विमा डीलरकडूनच घ्या अशी सक्ती करता येत नाही, बाहेरचं कोटेशन समोर ठेवलं की त्यांचाही आकडा खाली येतो.

चाकण_शॉपफ्लोअर | ६ मार्च, सकाळी ७:५०
वरचं सगळं बरोबर. आणखी एक हिशोब कुणी मांडला नाही. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला १० लाखांपर्यंत ११ टक्के रोड टॅक्स, त्यावर १२ टक्के. शिवाय एक्स-शोरूम १० लाखांवर गेली की एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेता आगाऊ घेतो तो आयकर, तो रिटर्न भरताना वळता होतो पण आधी खिशातून जातो. कायलॅक सिग्नेचर मॅन्युअल ९.५९ लाख. टॅक्स धरून साधारण १०.६५, विमा-नोंदणी मिळून सव्वाअकराच्या आत. ऑटोमॅटिक १०.५९, टॅक्ससह ११.८६, आणि विमा धरला की १२ ओलांडलेच. कोटेशनमध्ये "हँडलिंग चार्ज" दिसला तर खोडायला लावा.
पाडवा रविवारी आहे. नोंदणी आणि नंबर प्लेट झाल्याशिवाय गाडी बाहेर पडत नाही आणि रविवारी आरटीओ बंद, म्हणजे सगळं शुक्रवारपर्यंत व्हायला हवं. नोंदणीच्या आधी यार्डात जाऊन गाडी दिवसाउजेडी बघा. टायरवर चार आकडे असतात, आठवडा आणि वर्ष: ०५२५ म्हणजे २०२५ चा पाचवा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसकट. चासी नंबरवरून उत्पादनाचा महिना विचारा. दारं आणि बॉनेटच्या फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, रंगाची छटा कुठे बदलते का, काचांवरचे शिक्के सारखे आहेत का. नोंदणी झाल्यावर गाडी बदलून मिळत नाही.

शनिवारपेठी | ६ मार्च, सकाळी ८:०५
आईंना घेऊन शोरूमला जा. पाच मिनिटं नाही, अर्धा तास बसवा. चार वेळा चढ-उतर करू द्या. सेडानमध्येही एकदा बसवून बघा.

अनघा_वाकड | ६ मार्च, सकाळी १०:३०
ताई, ऑटोमॅटिकच घ्या, मनापासून सांगते. थोडे वर गेले तरी चालतील. हिंजवडीला रोज क्लच दाबून तुमचेच गुडघे जातील.

बाणेरटेकडी | ६ मार्च, सकाळी १०:४४
ऑटोमॅटिकबद्दल सहमत. माझी मॅन्युअल आहे कारण मी घरून काम करतो.

ई_सारथी | ६ मार्च, सकाळी ११:००
इलेक्ट्रिकमध्ये हा प्रश्नच येत नाही.

मयूरकॉलनी | ३० मार्च २०२५, सायंकाळी ७:४०
सर्वांना पाडव्याच्या शुभेच्छा. काय ठरलं ते सांगायला आले.
शनिवारपेठी काका, तुमचं ऐकून आईला दोन्ही शोरूमला नेलं. दोन्ही गाड्यांत ती कुणाचा हात न धरता बसली आणि उतरली. मागची सीट तिला सायरॉसची जास्त आवडली, हे प्रामाणिकपणे सांगते. पण तिला गाडी लागते, आणि मागे बसण्यापेक्षा पुढे बसून प्रवास तिला सोपा जातो. तेव्हा मागची सीट मुलांची आणि आमच्या दोघांपैकी एकाची.
आज कायलॅक सिग्नेचर मॅन्युअल बुक केली. ऑटोमॅटिक घ्या असं जवळजवळ सगळ्यांनीच सांगितलं. दोन्ही चालवून बघितल्या. ताम्हिणीची उतरण, पावसाळ्यातलं धुकं, निजामपूरकडे उतरणारी ती वळणं यांत मला गिअर माझ्या हातात हवा आहे, गाडी मीच चालवते. हिंजवडीला कंपनीची बस जाते, आठवड्यातले काही दिवस तिने जाईन. आणि १२ म्हणजे १२. उरलेल्या पैशांत इंजिन प्रोटेक्शन आणि रिटर्न टू इनव्हॉइस घेतलं, बाहेरचं कोटेशन दाखवल्यावर प्रीमियम बराच उतरला. हँडलिंग चार्ज होता, खोडला.
नऱ्हेकर, वर्षभर थांबायचं मनावर घेतलं होतं, पण जुन्या गाडीचं आता काही खरं नाही. तक्रार लेखी करायची हे मात्र डायरीत लिहून ठेवलंय.
गाडी आज मिळणार नव्हतीच, वेटिंग आहे. अक्षय तृतीयेला, ३० एप्रिलला, मिळाली तर आनंद. रंग ऑलिव्ह.

चाकण_शॉपफ्लोअर | ३० मार्च, रात्री ८:१०
अभिनंदन ताई. अक्षय तृतीया बुधवारी आहे, नोंदणीला अडचण नाही. यार्डात बघायला जाल तेव्हा हवेचा मीटर सोबत न्या. यार्डातल्या टायरमध्ये बऱ्याचदा गरजेपेक्षा जास्त हवा भरलेली असते, ती दाराच्या खांबावर लिहिलेल्या आकड्यावर आणून मगच चालवत घरी न्या.

अनघा_वाकड | ३० मार्च, रात्री ८:२५
अभिनंदन! मॅन्युअल घेतलीत याचं मला अजून पटलेलं नाही, पण ऑलिव्ह रंग सुरेख आहे. पहिले पंधराशे किलोमीटर आरपीएम फार चढवू नका.