मदत हवी आहे: थॉमस मिचेलचा तिसरा प्रसंग कोणता दाखवू?

मंडळी, आमचा जुने सिनेमे बघणाऱ्यांचा छोटा गट आहे. पुढच्या बैठकीत वीस मिनिटं माझी. नट निवडलाय थॉमस मिचेल. नाव ऐकून सगळे गप्प. फोटो दाखवला तर एक काका म्हणाले, "हा तर 'गॉन विथ द विंड'मधल्या स्कार्लेटचा बाप!" दुसरे म्हणाले, "छे, हा 'स्टेजकोच'मधला दारुडा डॉक्टर." दोघंही बरोबर, आणि दोन्ही सिनेमे एकाच वर्षीचे, 1939 चे. त्याच वर्षी 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मधला पत्रकार, 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज'मधला वैमानिक आणि 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मधला भिकाऱ्यांचा राजाही हाच!

दोन प्रसंग पक्के आहेत. पहिला 'स्टेजकोच'चा: बाळंतपण अंगावर येतं आणि डॉक्टर कपामागून कप काळी कॉफी पिऊन स्वतःला शुद्धीवर आणतो. सहायक अभिनेत्याचं ऑस्कर याच भूमिकेला मिळालं. दुसरा, 1946 च्या 'इट्स अ वंडरफुल लाइफ'मधले अंकल बिली. आठ हजार डॉलर हरवून बसलेले, टेबलावर डोकं टेकून रडताहेत आणि एक खार हातावर चढते. एरवी हसू आलं असतं, इथे घशात आवंढा येतो.

तिसऱ्यावर अडलोय. बायको गेल्यावर भ्रमिष्ट झालेला जेराल्ड ओ'हारा, म्हणजे स्कार्लेटचा बाप, घेऊ, की 'ओन्ली एंजल्स'मधला नजर अधू झालेला वैमानिक किड डॅब? माझा कल किडकडे आहे, कारण जेराल्ड सगळ्यांनी पाहिलाय.

आणखी एक. 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर'ला, म्हणजे नायक नसलेल्या पण ठसठशीत भूमिका करणाऱ्या नटाला, मराठीत काय म्हणू? 'चरित्र अभिनेता' म्हटलं की आपल्याकडे हिरोइनचे वडील डोळ्यांपुढे येतात. 'दुय्यम' म्हणायला जीभ रेटत नाही. या माणसाने ऑस्करनंतर टीव्हीचं एमी मिळवलं, शिवाय 'हेझल फ्लॅग' या संगीत नाटकासाठी 1953 मध्ये रंगभूमीचं टोनी. तिन्ही मिळवणारा पहिला पुरुष नट!

प्रतिसाद: दोन्ही सोडा, 'हाय नून' (1952) घ्या. गुंडांविरुद्ध मार्शलला, म्हणजे गावच्या पोलीस प्रमुखाला, साथ द्यायची की नाही यावरून चर्चमध्ये लोक भांडत असतात, मेयर झालेला मिचेल उठतो आणि मार्शलची इतकी स्तुती करतो की वाटतं, आता हा गावाला त्याच्या मागे उभं करणार. शेवटी सांगतो काय, तर तूच गाव सोडून जा! आवाज जराही चढत नाही. तुमचे पहिले दोघं कनवाळू आहेत, त्यांच्या शेजारी हा शोभेल. शब्दाचं म्हणाल तर 'चरित्र अभिनेता'च ठेवा, वीस मिनिटांत अर्थ आपोआप बदलेल.

मूळ धागाकर्ता: अरेच्चा, तो मेयर म्हणजे हाच? 'हाय नून' तीनदा पाहिलाय हो मी! किडला रजा. प्रसंग आज रात्री काढून ठेवतो.