अँड्रॉइड सोडून आयफोन घ्यावा का?

चादरवाला: फोन लय अडकतोय, नवीन घ्यायचाय, पोरगी म्हणते पप्पा आयफोनच घ्या, पण दुकानाच्या सगळ्या ऑर्डरी व्हॉट्सॅपवर अन् चादरींच्या डिझाइनचे फोटो मेमरी कार्डात, काय करू?

सातरस्ता: आयफोनला कार्ड बसतच नाही ओ, आधी ते बघा. चॅट ‘मूव्ह टू आयओएस’ ह्या अ‍ॅपनं जातात पण नवा फोन पहिल्यांदा चालू करतानाच, सेटअप उरकून बसलात की परत रीसेट मारा!

नवीपेठ: अपडेटसाठी आयफोन घ्यायचे दिवस गेले, सॅमसंगनं २०२४ च्या एस२४ ला ७ वर्षं कबूल केलीत. पोरीच्या हट्टापायी घेताय तर घ्या बापडे.

चादरवाला: कॉल रेकॉर्डिंग?

सातरस्ता: आयफोनवर होतंय की, पण रेकॉर्डिंग चालूय असं समोरच्याला ऐकवून. अँड्रॉइडवर गूगलच्या डायलरचं, म्हणजे कॉल करायच्या अ‍ॅपचं पण तसंच, गिऱ्हाईक दचकतंय.