कोआलांचा क्लॅमिडिया अँटिबायोटिकने बरा होत नाही का?

रानवेडी: काल ऑस्ट्रेलियातल्या एका कोआलाचा व्हिडिओ बघितला, डोळे सुजून लालबुंद, नुसता चिपडांनी भरलेला, ढुंगणाकडची फर ओली नि तपकिरी. खाली लिहिलेलं क्लॅमिडिया, आणि त्यावर आता लस आलीय. आता हा बॅक्टेरियाच ना, मग औषध द्या की, लस कशाला? की यांची प्रतिकारशक्तीच कमी?

पानगळ: देतात ना, डॉक्सीसायक्लिन वगैरे. पण कोआला जगतो युकॅलिप्टसच्या पानांवर, त्यात टॅनिन (पचायला जड असं तुरट द्रव्य) ठासून भरलेलं, आणि ते पचवायला पोटातले बॅक्टेरिया लागतात. औषधाने तेही मरतात, मग रोग गेला तरी प्राणी भरल्या झाडावर उपाशी मरू शकतो. हे बॅक्टेरिया पिल्लाला आईकडूनच मिळतात, पॅप म्हणून तिची खास मऊ विष्ठा असते ती ते खातं (शी करू नका, त्याशिवाय त्याला पान पचणारच नाही).

सूक्ष्मजीवी: प्रतिकारशक्ती आहे हो, पण हा क्लॅमिडिया पेकोरम पेशीच्या आत शिरून वाढतो. बाहेर असेपर्यंत अँटिबॉडी त्याला धरते, आत गेला की टी पेशी (बाधित पेशी ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि त्या सोडतात तो इंटरफेरॉन गॅमा नावाचा इशारा देणारा प्रोटीन, यांच्यावर भिस्त. आणि हे प्रकरण रेंगाळलं की सूज हटत नाही, मग व्रण धरतात, डोळा जातो, मादीच्या गर्भनलिका बुजतात. म्हणजे बरंचसं नुकसान शरीराच्या स्वतःच्याच मारामारीतलं. त्यात ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडकडच्या कोआलांच्या डीएनएमध्येच एक रेट्रोव्हायरस (स्वतःची जनुकं यजमानाच्या डीएनएत घुसवणारा विषाणू) बसलाय, पिल्लू तो घेऊनच जन्मतं, तो प्रतिकारशक्ती ढिली करतो असा दाट संशय आहे.

रानवेडी: मग लसीने ती मारामारी अजून पेटणार नाही का??

सूक्ष्मजीवी: रास्त शंका. लसीत जिवंत बॅक्टेरिया नसतो, त्याच्या बाहेरच्या आवरणातलं प्रोटीन असतं. ओळख आधीच झालेली असली की शरीर लवकर आवरतं, रेंगाळत नाही. सनशाइन कोस्ट विद्यापीठाची लस सप्टेंबर २०२५ मध्ये मंजूर झाली, अभ्यासात रानातल्या कोआलांचे मृत्यू किमान ६५ टक्क्यांनी घटले. आणि डोस एकच, हे मला सगळ्यात भारी वाटलं, कारण एकदा सोडलेला कोआला बूस्टरसाठी परत कुठल्या झाडावर हुडकणार?

पानगळ: ते ओल्या फरचं राहिलंच. मूत्राशय सुजतं आणि लघवी सारखी गळत राहते. तिकडे याला डर्टी टेल म्हणतात, कोआलाला दिसण्याजोगी शेपूटच नसते तरी 😅