मदत हवी आहे : प्रशिक्षकाचा वाटा मोजायचा कसा?

अमेरिकन फुटबॉलमधील न्यू इंग्लंड पेट्रियट्स संघाच्या ६ सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) विजेतेपदांचे श्रेय क्वार्टरबॅक (संघाचे आक्रमण चालवणारा मुख्य खेळाडू) टॉम ब्रेडी आणि प्रशिक्षक बिल बेलिचिक यांच्यात कसे वाटावे, याबद्दल जाणकारांचे मत हवे आहे. २०२० मध्ये ब्रेडीने टॅम्पा बे संघात जाऊन त्याच हंगामात सातवे विजेतेपद मिळवले आणि पेट्रियट्स ७ विजयांवर थांबले, एवढ्यावरून बहुतेक जण निकाल देऊन मोकळे होतात. मला हा उतावळेपणा वाटतो. २००८ मध्ये पहिल्याच सामन्यात ब्रेडीचा गुडघा जायबंदी झाला, तरी महाविद्यालयात क्वार्टरबॅक म्हणून एकदाही सुरुवातीपासून न खेळलेल्या मॅट कॅसलला घेऊन संघाने ११ सामने जिंकले. अर्थात, आदल्या वर्षी ब्रेडीसह साखळीतले सर्व १६ जिंकले होते. सहकाऱ्यांचा दर्जा वगळून एकट्या प्रशिक्षकाचा वाटा मोजण्याची विश्वासार्ह पद्धत कोणी सुचवू शकेल का?