उधाण, भांग आणि प्रदर्शनाचे फलक

प्रश्न (भाषांतरकार): किनाऱ्यावरच्या चित्रप्रदर्शनाचे फलक मराठीत करायचे आहेत. 'स्प्रिंग टाईड' आणि 'नीप टाईड' यांना काय म्हणावं? 'वसंत भरती' असा एक पर्याय आलाय.

कातळ: 'वसंत' आधी काढा. इथल्या 'स्प्रिंग'मध्ये उसळी आहे, ऋतू नाही. उधाणाची भरती आणि भांगाची भरती. शाळेच्या भूगोलातही हेच शब्द आहेत. 'भांगेची' लिहू नका, ती प्यायची. अमावास्या-पौर्णिमेला चंद्र-सूर्याची ओढ एका रेषेत येते तेव्हा उधाण, अष्टमीच्या सुमारास काटकोनात येते तेव्हा भांग. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतलं अंतर सरासरी साडेतीन मीटरच्या वर, भांगाला जेमतेम दीड. गोव्यात उधाणालाही दोनच्या आसपास. आकडा छापणार असाल तर बंदराचं नाव हवंच.

खडपावरची: आणि उधाण म्हणजे नुसती मोठी भरती नव्हे. त्या दिवसांत पाणी जितकं चढतं तितकंच खोल उतरतं. कालवं काढणाऱ्या बायका खडपावर, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकाळ भागात, लांबवर जाऊ शकतात त्या याच ओहोटीला. 'आनंदाला उधाण' म्हणता म्हणता साहित्यात शब्दाचा हा अर्धा भाग गळून गेला. चित्रकाराला सांगा, एकाच जागेवरून भरती आणि ओहोटी अशा दोन्ही वेळा काढ. तेही ऐन पुनवेला नको, एक-दोन दिवसांनी. समुद्र चंद्राला जरा उशिरानेच साथ देतो.

भाषांतरकार: वेळ कशी काढायची?

पंचांग: तिथीची पाऊणपट. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. मुंबईत पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती, त्यानंतर सुमारे सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. दोन्ही पक्षांत प्रतिपदेपासून मोजा. यात तिथीला ४५ मिनिटं धरली जातात, प्रत्यक्षात सरासरी ४८ लागतात. त्यामुळे चतुर्दशीपर्यंत हिशेब साधारण पाऊण तास मागे पडतो. गोव्यात भरती मुंबईच्या आधी येते, खाडीत आत मात्र जितकं जाल तितकी उशिरा. शाळकरी मुलांना खडपावर नेणार असाल तर बंदराचं भरतीचं वेळापत्रकच घ्या.

कातळ: एक राहिलं. वादळी लाटांनाही बातम्यांत 'उधाण' म्हणतात. फलकावर तिथे 'खवळलेला समुद्र' लिहा. तो भांगातही खवळतो.