बारसूम की मेस्क्लिन : परग्रह खरा कशामुळे वाटतो?

धागाकर्ता :
विज्ञानकथा लेखक एडगर राइस बरोजचा मंगळ, म्हणजे बारसूम, १९१२ मध्ये 'ऑल-स्टोरी' मासिकातून क्रमशः आला. त्याला 'नुसती तलवारबाजी' म्हणून निकालात काढतात, ते मला अजिबात पटत नाही. समुद्र आटत गेले तशी माणसं पाण्यामागे सरकली. ओस शहरांचे धक्के आता पिवळ्या शेवाळाच्या माळावर उघडे पडलेत. हवा टिकवायला एकच कारखाना. पहिल्या कथेच्या शेवटी तो बंद पडतो आणि अख्खा ग्रह गुदमरायला लागतो! ग्रहच कथा घडवतो, अजून काय हवं?

प्रतिसाद १ :
धक्के सुंदर आहेत, मान्य. पण मरणारा, कालव्यांवर जगणारा मंगळ खगोलशास्त्रज्ञ पर्सिव्हल लॉवेलकडून आयता मिळाला होता. बारसूमची राजकन्या अंडी घालते, तरी दिसते हुबेहूब बाईसारखी. कमी गुरुत्वाकर्षणाचा उपयोग काय, तर नायकाच्या उंच उड्या.
आता हॅल क्लेमेंटच्या कादंबरीतला ग्रह मेस्क्लिन बघा ('अस्टाउंडिंग' मासिक, १९५३). दिवस जेमतेम १८ मिनिटांचा, म्हणजे ग्रह इतका गरगर फिरतो की चपटा झालाय. विषुववृत्तावर वजन पृथ्वीच्या तिप्पट, ध्रुवांवर शेकडो पट. रहिवासी गोमेसारखे, हातभर लांब. डोक्यावर काही आलं की त्यांचा जीव घाबरा होतो, कारण त्यांच्या ध्रुवाकडच्या मुलखात वीतभर उंचीवरून पडणंही जीवघेणं. ही भीती थेट गणितातून आलीय.

धागाकर्ता :
लॉवेलने कालवे दिले, कारखाना बरोजचा. १९६५ मध्ये मरिनर ४ या अंतराळयानाने मंगळावरच्या विवरांचे फोटो पाठवले आणि लॉवेलचा मंगळ संपला. ते धक्के मात्र मला अजून दिसतात. आणि मेस्क्लिनचा कप्तान बार्लेनन? शरीर गोमेचं, पण घासाघीस करतो पृथ्वीवरच्या मुरलेल्या व्यापाऱ्यासारखी. मन कुठे परकं आहे?

प्रतिसाद २ :
मन परकं हवं असेल तर स्टॅनली वाइनबॉमची १९३४ ची 'अ मार्शियन ओडिसी' वाचा. त्यातला मंगळावर भेटणारा ट्वील बुद्धिमान आहे, मदतीला धावतो, तरी त्याचा विचार आपल्या पकडीत येत नाही. शिवाय त्याच कथेतला दुसरा, सिलिकाचा प्राणी! दर दहा मिनिटांनी एक वीट बाहेर टाकतो, स्वतःभोवती पिरॅमिड रचतो. कुणासाठी नाही, कशासाठी नाही. माझं मत त्यालाच.

प्रतिसाद १ :
ट्वीलपुढे बार्लेनन फिका, हे कबूल. पण ती वीट येते कुठून? आपण कार्बन जाळतो, उच्छ्वासातून वायू सोडतो. तो विटा टाकणारा प्राणी सिलिकॉन जाळतो, आणि सिलिकॉन डायऑक्साइड म्हणजे वाळूच, घन. उच्छ्वासाची वीट होणारच. म्हणजे तुमचा सगळ्यात परका प्राणीसुद्धा रसायनशास्त्राच्या पुस्तकातूनच निघालाय.